रानवाट आणि मुक्काम

शिबिर हा शब्द आता आपल्याकडे फार सैल झाला आहे. शाळेच्या पटांगणात मांडव घालून, आचारी बोलावून, रात्री विजेच्या दिव्यांखाली करमणुकीचे कार्यक्रम करीत आपण दोन दिवस राहतो आणि त्यास शिबिर म्हणतो. त्यातही आनंद आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रस्तुत लेखात ज्या मुक्कामाविषयी लिहावयाचे आहे तो याहून निराळा. जेथे नळ नाही, दिवा नाही, भिंत नाही, दुकान नाही आणि जेथे जाण्यास पायवाटेवाचून दुसरा मार्ग नाही, अशा ठिकाणी पाठीवरील सामानानिशी जावयाचे, एक रात्र काढावयाची आणि दुसऱ्या दिवशी ती जागा जशी होती तशी सोडून परत यावयाचे, असा हा मुक्काम.

हे काही परदेशातून आलेले नवे खूळ नव्हे. सह्याद्रीच्या घाटवाटा मोटारींनी केलेल्या नाहीत. कोकणातील व गोव्यातील मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशावर नेणारे लमाण तांडे पिढ्यान्‌पिढ्या याच वाटांनी चढत आणि दिवस मावळण्यापूर्वी पाणी पाहून उतरत. मुलांच्या शिक्षणात या गोष्टीस स्थान मिळाले ते मात्र अलीकडे. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात बेडन पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर काही मुलांस घेऊन आठवडाभर तळ दिला आणि तेथून बालवीर चळवळीचा उगम झाला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

आम्ही बेळगावकडील मंडळी या बाबतीत भाग्यवान आहोत. जांबोटीचा रस्ता धरून पश्चिमेस निघाले की उसाची आणि भाताची शेते मागे पडतात आणि कणकुंबीपर्यंत पोहोचता पोहोचता आपण दाट रानात शिरलेले असतो. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि उतारावर कारवीच्या राया. गवा, अस्वल, सांबर, भेकर, बिबळ्या यांचे हे घर. वाघही येथून ये-जा करतो. येथील बराच मोठा भाग २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. तेव्हा वनखात्याच्या परवानगीवाचून येथे पाऊल टाकू नये, हा पहिला नियम. आम्हीही लेखी परवानगी घेऊन, अभयारण्याच्या बाहेरील ठरवून दिलेल्या हद्दीतच गेलो होतो. विस्तव पेटविण्यास मुभा होती ती केवळ एका सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर. ही अट पुढे किती महत्त्वाची ठरली ते येईलच.

सामान किती घ्यावे, याविषयी आम्हांस दरवर्षी मुलांशी वाद घालावा लागतो. आपल्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक ओझे पाठीवर घेऊ नये, असा साधारण नियम आहे. चाळीस किलो वजनाच्या मुलाने आठ किलोंवर थांबावे. या आठ किलोंत दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो गेलेच. उरलेल्या सहांत घोंगडी, एक जास्तीचा सदरा व पायमोजे, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, विजेरी, शिट्टी, काडेपेटी, ताट-वाटी आणि वाट्यास आलेले सामाईक सामान. ताडपत्री, दोरी, पातेली, तांदूळ, मुगाची डाळ व औषधांची पेटी ही सर्वांनी वाटून घ्यावीत. काडेपेटी मेणकागदात गुंडाळावी. घोंगडीच का, असे मुले विचारतात. सुती चादर हलकी आणि देखणीही असते. परंतु दवाने भिजलेली चादर ऊब देत नाही, भिजलेली लोकर थोडीबहुत देते. धनगर पावसात घोंगडे घेतो ते उगाच नव्हे. एका वर्षी एका विद्यार्थ्याच्या पिशवीतून गोष्टींची सात पुस्तके निघाली. त्याच्या वाचनप्रीतीचे कौतुक करून आम्ही सहा परत पाठविली.

आता चालण्याच्या हिशेबाकडे वळू. कारण आमची चूक झाली ती तेथेच. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा आडाखा सांगितला. नकाशावरील दर तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास मिळवावा. आजच्या मापांत सांगावयाचे तर पाच किलोमीटरांस एक तास आणि सहाशे मीटर चढास एक तास. आमचा सडा गावापासून नऊ किलोमीटर दूर आणि चारशे मीटर उंच. म्हणजे नऊ किलोमीटरांचे एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे, चढाची चाळीस मिनिटे, एकूण अडीच तास. दुपारी एक वाजता निघून साडेतीनला पोहोचू, चार वाजता चहा होईल, असे आम्ही फळ्यावर मांडून दाखविले होते. गणित बिनचूक होते. पण नेस्मिथचा आडाखा सराईत, धडधाकट आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. अठरा विद्यार्थी आणि तीन शिक्षक यांची रांग ही निराळी वस्तू आहे. रांग सर्वांत मंद पायांच्या वेगाने चालते. एकाची वहाण तुटते, दुसऱ्यास तहान लागते, ओहोळापाशी एकवीस जणांचे बूट निघतात आणि पुन्हा चढतात. अशा रांगेस आडाख्याने आलेला वेळ दुप्पट धरावा, हे आम्ही आज निश्चयाने सांगू शकतो. त्या दिवशी मात्र धरला नव्हता.

गावातील एक वयस्क गृहस्थ आम्हांस ओहोळापर्यंत पोहोचवावयास आले होते. मुले त्यांस मामा म्हणत. घरी गाय व्यायची होती म्हणून तेथून ते परतले. जाताना म्हणाले, “मास्तर, व्हळ ओलांडला की डाव्या अंगानं चला. रुंद वाट बघून भुलू नका.” आम्ही हो म्हटले. असा सल्ला ऐकताना मनुष्य नेहमीच हो म्हणतो.

पाच वाजून गेले तरी सड्याचा पत्ता नव्हता. रानात एक मोकळी जागा लागली आणि तेथे वाटेला तीन फाटे फुटले. त्यांतील मधली वाट चांगली रुंद, मळलेली, पाय आपोआप वळावेत अशी. आम्ही तिघे शिक्षक एकत्र येऊन क्षणभर बोललो आणि त्याच वाटेने निघालो. पंधरा मिनिटांनंतर नववीतील एक मुलगी थांबली आणि म्हणाली, “सर, इथे माणसाच्या पावलाचा एकही ठसा नाही. नुसते खूर आहेत.”

या एका वाक्यात रानवाटेचे अर्धे शास्त्र आहे. गुरांची वाट आणि माणसांची वाट आरंभी सारखीच दिसते. परंतु गुरे चरावयास जातात, कोठे पोहोचावयास नव्हे. म्हणून त्यांची वाट आधी रुंद असते, मग तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात आणि शेवटी ती गवतात विरून जाते. माणसाची वाट अरुंद असली तरी एकसंध राहते. उतारावर ती वळणे घेते, ओहोळ सोयीच्या जागी ओलांडते, मध्येच एखाद्या दगडावर दगड ठेवलेला असतो, एखाद्या झाडाच्या बुंध्यावर कोयत्याची जुनी खूण असते. वाट दर थोड्या अंतराने बारीक होत चालली, डोक्याच्या उंचीवरील फांद्या अंगाला घासू लागल्या, तर समजावे की ही वाट आपल्यापेक्षा बुटक्या कोणाची तरी आहे.

आम्ही रांग थांबविली आणि मोजणी केली. निघताना प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक दिलेला असतो आणि मोजणीच्या वेळी ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने म्हणावयाचा असतो. एक, दोन, तीन असे आकडे येत गेले. दहा आला. त्यापुढे कोणी बोलले नाही.

अकरा आणि बारा क्रमांकांची मुले रांगेत नव्हती. सूर्य झाडांआड गेला होता. त्या क्षणी छातीत जे झाले त्याचे वर्णन आम्ही करीत नाही. ज्यांच्या हाती इतरांची मुले सोपविलेली असतात त्यांस ते कळेल. सर्वांस गप्प राहण्यास सांगितले. एकवीस माणसांची रांग चालताना जो कलकलाट करते त्यात शिट्टीसुद्धा बुडून जाते. आवाज थांबला तेव्हा बऱ्याच दुरून, मागच्या बाजूने, शिट्टी ऐकू आली. तीन वेळा, मग थोडे थांबून पुन्हा तीन वेळा.

निघण्यापूर्वी आम्ही एकच गोष्ट चारदा बजावली होती. पुढचा आणि मागचा माणूस दिसेनासा झाला तर जेथे असाल तेथे बसा. शोधावयास जाऊ नका. तीन शिट्या वाजवा, थांबा, पुन्हा वाजवा. चुकलेला माणूस हिंडू लागला की शोधणाऱ्यास जागा बदलणारी वस्तू शोधावी लागते. बसून राहिला तर ठरलेली जागा शोधावी लागते, आणि या दोहोंत फार अंतर आहे. शिवाय उजव्या-डाव्या पावलांतील थोड्याशा फरकामुळे म्हणा वा अन्य कारणाने म्हणा, खूण न दिसता चालणारा मनुष्य सरळ जात नाही, फिरून वर्तुळात येतो. ती दोन मुले एका खडकावर पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. एकाच्या पिशवीचा पट्टा तुटला, दुसरा तो बांधण्यास थांबला, एवढेच घडले होते. आम्ही त्यांस रागावलो नाही. तो अधिकार आम्हांस नव्हताच. रांगेच्या शेवटी चालण्याचे काम ज्या शिक्षकाकडे होते तो वाटेविषयी मत देण्यास पुढे आला होता, म्हणून शेवट उघडा पडला. तेव्हापासून आमच्या रांगेचा शेवटचा शिक्षक आपली जागा सोडीत नाही.

सहा वाजत आले होते. डिसेंबरच्या मध्यास आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो आणि नंतर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. दाट झाडीत तर त्याआधीच. आता दोन मार्ग होते. विजेऱ्यांच्या उजेडात खरी वाट शोधीत सड्यावर जावयाचे, किंवा येथेच राहावयाचे. सड्यावर झरा होता, विस्तवाची मुभा होती, खिचडी होती. येथे प्रत्येकाजवळ जेमतेम अर्धा लिटर पाणी उरले होते. एक-दोन मुलांनी पुढे जाण्याचा आग्रह धरला आणि खरे सांगावयाचे तर आमच्यापैकी एकाचेही मत तसेच होते. परंतु विजेरीच्या उजेडात पायांपुढचे दहा हात दिसतात, वाट दिसत नाही. उजेडाबाहेरचे सारे अधिकच काळे होते. भ्रमणध्वनीवर त्या रानात संदेश मिळत नव्हता. वीस मिनिटांचा उजेड शिल्लक होता आणि तो वाट शोधण्यात खर्चण्याऐवजी जागा शोधण्यात खर्चावा, असे बाईंनी सुचविले. त्यांचे म्हणणे मान्य झाले.

आम्ही तीन फाट्यांच्या त्या मोकळ्या जागेपर्यंत मागे आलो आणि तेथेच मुक्काम केला. मुक्कामाची जागा निवडताना आधी वर पाहावे आणि मग खाली. वर वाळलेली मोठी फांदी लटकत असेल तर ती जागा कितीही सपाट असो, सोडावी. खाली गुरांची अथवा जनावरांची वाट नसावी. म्हणून आम्ही फाट्यांपासून चाळीस पावले बाजूस, किंचित उंचवट्यावर गेलो. कोरड्या ओढ्याची वाळू मऊ दिसते, पण तेथे झोपू नये. पाऊस वर कोठेतरी पडतो आणि पाणी खाली येते. पाणवठ्याच्या अगदी काठीही राहू नये. रात्री तो माणसांचा नसतो. खाजकुयलीचा वेल जवळपास नाही ना हे पाहावे. हिवाळ्यात तिच्या शेंगांवरील कुसे वाऱ्याने उडतात आणि एकाच्या खाजेने सर्वांची झोप जाते.

काठीने पाचोळा उलटसुलट करून, विंचू वा साप नाही याची खात्री करून, आम्ही तोच पाचोळा वीतभर जाडीचा पसरला आणि त्यावर ताडपत्री अंथरली. पुष्कळांस वाटते की थंडी वरून येते, म्हणून ते पांघरुणे वाढवितात. वास्तविक अंगाची ऊब गार जमिनीत मुरून जाते. हातात दोन घोंगड्या असतील तर एक खाली घालावी. दुसरी ताडपत्री दोन झाडांमध्ये दोरी ओढून तिच्यावर टाकली व तिची टोके दगडांनी दाबली. दवापुरता एवढा आडोसा पुरतो.

आणि विस्तव? मुलांची सर्वांत मोठी निराशा तेथे झाली. शेकोटीभोवती बसून गाणी म्हणावयाची, हे त्यांनी महिनाभर ठरविले होते. परंतु परवानगी सड्यावरची होती. डिसेंबरात कोरड्या पाचोळ्याच्या रानात एक ठिणगी उडाली तर काय होईल हे सांगावयास नको. काडेपेट्या जमा करून पेटीत बंद केल्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असे जेवण झाले. जेवताना प्रत्येकास मोजून चार घोट पाणी दिले, चार सकाळसाठी राखले. चिवडा कोणी खाऊ नये असे सांगितले, कारण खारट खाल्ल्यावर तहान वाढते. तरी अंधारात एक पुडी कुरकुरलीच.

बेळगावच्या अक्षांशावर डिसेंबरातील रात्र सुमारे पावणेतेरा तासांची असते. घरी ती कळत नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावले, प्रत्येक पहाऱ्यावर तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक. पहिल्या पहाऱ्यात एकाएकी कुत्र्यासारखे भुंकणे ऐकू आले. गावचे कुत्रे येथे कसे, म्हणून मुले दचकली. ते भेकर होते. हे लहानसे हरिण संकटाची शंका येताच भुंकते. ते एका जागी भुंकत राहिले तर त्यास काही दिसले आहे असे समजावे. सुमारे दहा मिनिटे ते भुंकत होते. कोणी बोलले नाही आणि कोणी उठलेही नाही.

मोकळ्या जागेवर आभाळाचा एक तुकडा दिसत होता. दिशा ओळखण्यास ध्रुव पाहावा असे आपण शिकतो, पण ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते आणि आपला अक्षांश सोळा अंशांहून कमी. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे ध्रुव क्षितिजापासून दीड मूठ वर. रानात तो झाडांआडच राहावयाचा. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षीही नसतात. पण उत्तरेस पाच तारकांची शर्मिष्ठा चांगली वर असते, आणि पूर्वेस मृग उगवलेला असतो. मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे जेथून उगवतात ती जवळजवळ नेमकी पूर्व, वर्षातील कोणत्याही दिवशी. त्यावरून आम्ही दिशा ठरविली आणि पूर्व-पश्चिम दाखविणारी एक काठी जमिनीवर ठेवली. होकायंत्र पिशवीत होते; सकाळी ताडून पाहिले तेव्हा काठी फारशी चुकली नव्हती.

त्या तुकड्यातून वटवाघळे ये-जा करीत होती. याच खानापूरच्या रानातील बारापेडे गुहांत एका जातीचे वटवाघूळ सापडले आणि १९१३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे कित्येक दशके जगात ते अन्यत्र कोठे आढळले नव्हते. नंतर मेघालयात व कंबोडियात त्याचा पत्ता लागला. आमच्या डोक्यावरून गेलेली वटवाघळे तीच होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही, पण ही हकीकत सांगितल्यावर पहाऱ्यावरील मुलांची झोप उडाली, हे खरे.

पहाटे सर्वांत आधी जागा झाला तो कस्तूर पक्षी. एखाद्या निरुद्योगी मुलाने आठवेल तशी, मध्येच सूर विसरत शीळ घालावी तशी त्याची शीळ. इंग्रजांनी त्यास शाळकरी मुलाची उपमा दिली आहे ती अगदी योग्य आहे. बूट घालण्यापूर्वी प्रत्येकाने ते उलटे करून झटकले. एकातून लहानसा विंचू पडला. ज्याचा बूट होता तो विद्यार्थी त्यानंतर घरीही बूट झटकतो, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले.

मोकळ्या जागेच्या कडेला ओल्या मातीत गव्याचे ताजे ठसे होते, आदल्या संध्याकाळी नसलेले. ते आमच्यापासून चाळीस पावलांवरील त्या रुंद वाटेनेच गेले होते. उजेडात डावीकडची वाट शोधण्यास पाच मिनिटे लागली. कारवीआड दडलेली, एका माणसापुरती, आणि तिच्या तोंडाशी दगडावर ठेवलेला दगड. त्या वाटेने पंचवीस मिनिटांत आम्ही सड्यावर पोहोचलो. मधल्या एका ठिकाणी ती वाट उभ्या कड्याच्या काठाने जाते. तेथून चालताना आम्ही तिघे शिक्षक एकमेकांकडे पाहत होतो.

झऱ्याचे पाणी नितळ होते, तरी उकळल्यावाचून कोणास पिऊ दिले नाही. खळखळ उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट ठेवले म्हणजे पुरे. चूल उघड्या खडकावर मांडली. चुलीस झऱ्यातील ओले दगड घेऊ नयेत. आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. सरपण म्हणून खाली पडलेल्या वाळक्या काटक्याच घेतल्या. वाळलेली कारवी चटकन पेटते. खिचडी किंचित करपली होती आणि ती पहिल्यांदा संपली.

त्या सड्यावर उभे राहून मुलांस एक गोष्ट दाखविता आली. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाते, कूडलसंगमास कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते. तेथून फार दूर नसलेल्या देगावच्या रानात उगवणारी म्हादई पश्चिमेस वळून, गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रास जाते. एकाच ढगाचे पाणी कोणत्या उतारावर पडते यावर ते कोणत्या समुद्रास जाणार हे ठरते. नकाशात हे दहादा शिकविले होते. त्या दिवशी एका मुलाने आपल्या वाटीतील उरलेले पाणी अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे ओतले.

निघण्यापूर्वी राख पूर्ण विझवून, हाताने चाचपून गार झाल्याची खात्री केली. चुलीचे दगड मूळच्या जागी ठेवले. शौचासाठी पाण्यापासून सत्तर पावलांवर खणलेले वीतभर खोल खड्डे मातीने बुजविले होते, ते पुन्हा पाहिले. कागद, पिशव्या, एक तुटका पट्टा, सारे परत पिशवीत गेले. उतरताना आदल्या रात्रीच्या जागीही थांबलो आणि दाबलेला पाचोळा हाताने पसरून दिला.

गावात मामा वाट पाहत उभे होते. त्यांची गाय व्याली होती. आम्ही सड्यावर रात्री विस्तव केला नाही हे त्यांनी खालून पाहिले होते आणि त्यांसही झोप लागली नव्हती. सारी हकीकत ऐकून ते एवढेच म्हणाले, “बसलात ते बरं केलंत, मास्तर. आता पोरांना खरवस खाऊन जाऊ द्या.” मोजणी करून मुलांस त्यांच्या ओसरीवर बसविले. अठरा आकडे नीट आले.